दिराचा आवाज

"तुमचे दीर बोलतात का?" यहुदी धर्मन्यायालयाच्या कारकुनाने फोनवर विचारलं तेव्हा माझ्या डाव्या हातात एका आजोबांची खालची कवळी होती, मेणात अर्धी बसवलेली, आणि उजव्या हातातली सुरी दिव्यावर तापत होती. फोन खांदा आणि कान यांच्यात दाबून मी म्हटलं, "भरपूर. जेवायला बसले की हात थांबत नाहीत. ताटातलं गार होतं." पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. "तसं नव्हे हो बाई. तोंडाने. तोंडाने बोलतात का?" सुरीवरचा मेणाचा थेंब ओघळून माझ्या अंगठ्यावर पडला. चांगला चटका बसला, पण मी हात हलवला नाही; हलवला असता तर आजोबांच्या पुढच्या दातांची अख्खी रांग बिघडली असती. "बहिरे आहेत ते," मी म्हटलं. "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे." "हो, तेच. म्हणून तर विचारतोय. थोरल्या रब्बींचं म्हणणं, तोंडाने बोलत असतील तर मार्ग निघेल." आणि मग, घरी नळ दुरुस्त करायला माणूस कधी पाठवू असं विचारावं तशा सुरात तो म्हणाला, "विचारून कळवा, काय?"

कळवते, म्हटलं, आणि फोन ठेवला. उरलेले दात बसवले. मी राग आला की काम नीट करते. माझ्या रागाचा फायदा आजवर गावभरच्या बोळक्या तोंडांना झालेला आहे. दाढ बसवताना वाटत होतं, या कारकुनाला समोर बसवावं आणि सांगावं की बाबा रे, माझ्या ओळखीच्या सगळ्या माणसांत सगळ्यात जास्त बोलणारा माणूस म्हणजे माझा दीर. तो सुतार आहे. खिळा न मारता लाकडात लाकूड असं बसवतो की सांधा बोटाला लागत नाही. रोजच्या भाषेतलं आमचं बोलणं ओठांवरून वाचतो, आणि आपलं हातांनी सांगतो. निवडणुकीपासून शेजारणीच्या मांजरापर्यंत त्याचं प्रत्येक गोष्टीवर मत असतं आणि ते ऐकून घेतल्याशिवाय सुटका नसते. माझ्यासाठी त्याने खूण केली आहे, दोन बोटं पुढच्या दातांवर टकटक: कवळीवाली वहिनी. पण तोंडाने? तोंडाने तो लहानपणानंतर एकदाही बोललेला नव्हता, आणि का ते मला ठाऊक होतं. म्हणूनच त्या प्रश्नाने अंगठ्यापेक्षा दुसरीकडेच कुठेतरी भाजलं.

माझा नवरा गेला त्याला आता बराच काळ झाला. मूलबाळ नाही. ही दोन वाक्यं कुठल्याही बाईच्या बाबतीत दुःखाची. आम्हा यहुद्यांत ती कायद्याचीही असतात. धर्मग्रंथातली जुनी आज्ञा अशी की भाऊ निपुत्रिक मेला तर मागे राहिलेल्या भावाने त्याच्या विधवेशी लग्न करावं, म्हणजे मेलेल्याचं नाव पुसलं जाणार नाही. त्याला ते नको असेल तर तिने वडीलधाऱ्यांसमोर त्याच्या पायातला जोडा काढावा, त्याच्यापुढे थुंकावं, आणि भावाचं घर न उभारणाऱ्याची हीच गत, असं त्याला सुनवावं. तंबूत राहणाऱ्या माणसांची आज्ञा ती. मला तिचा राग नाही. त्या काळी विधवेला कुत्रं विचारत नसणार. निदान तिच्या हातात एक जोडा आणि तोंडात थुंकी तरी दिली. राग आहे तो मागून आलेल्यांचा. काळ बदलला, दिराशी लग्न ही गोष्ट लोकांना खटकू लागली, पंडितांनी खल केला आणि ठरवलं की लग्न नकोच, सरसकट जोडाच काढावा. त्या विधीला हलीत्सा म्हणतात. म्हणजे बघा: माझ्याशी लग्न करायला दिराला बंदी हेच करणार, आणि लग्न केलं नाहीस म्हणून त्याच्यापुढे थुंकायला मला हेच लावणार. चोर सोडून संन्याशाला फाशी ती आणखी काय असते? आणि हा विधी होत नाही तोवर मी बांधलेली. दुसऱ्या कुणाशी लग्न करायला मी मोकळी नाही. दाव्याचं टोक ज्याच्या हातात आहे त्याला ते केव्हाचं सोडून द्यायचंय, पण त्याचा हात यांना चालत नाही.

आमच्या वस्तीतल्या रब्बींनी तर पहिल्याच भेटीत हात झटकले होते. बहिरा-मुका, वेडा आणि अजाण मूल, या तिघांना शास्त्रात एकाच बाकावर बसवलंय, ते म्हणाले. त्यांच्या करण्याला अर्थ नाही, कारण त्यांना समज नाही. हलीत्साचे शब्द त्याला उच्चारता येणार नाहीत, सबब हलीत्सा नाही. "मग मी काय करू?" विचारल्यावर ते म्हणाले, "धीर धरा." कशासाठी, ते सांगितलं नाही. त्यांच्या मागे पुस्तकांचं भलंमोठं कपाट होतं. ते माझ्या दिराने केलेलं होतं. समज नसलेल्या माणसाने मापं घेऊन केलेल्या फळ्यांवर सगळी समज ओळीने उभी होती, आणि एकही फळी कुठे वाकलेली नव्हती.

लोक म्हणतात, सोड की. सरकारी कचेरीत जा, सही कर, मोकळी हो. चष्मेवाला असं म्हणत नाही. चष्मेवाल्याचं दुकान आमच्या कवळ्यांच्या लॅबच्या समोर आहे, त्याची बायको पूर्वीच वारली, आणि मी हो म्हटलं तर त्याला माझ्याशी लग्न करायचं आहे. तो म्हणतो, "मी थांबतो." कधी विचारा, थांबतो. त्याच्या या थांबण्याचाही मला अधूनमधून संताप येतो. माणसाने एकदा तरी टेबलावर मूठ आपटावी की नाही? पण कचेरीत जाऊन सही करणं माझ्याने होत नाही. आईने ज्या शब्दांनी माझ्यासाठी प्रार्थना केली ते शब्द माझ्याही तोंडात बसलेत. धर्माच्या त्या घरातून मी निघून गेले तर त्यांना बरंच होईल, दार लावून घेतील आणि म्हणतील, गेली बिचारी. मला जायचं नाही. मला आत उभं राहून त्यांना लाजवायचंय.

म्हणून मी दूरच्या दुसऱ्या न्यायालयात गेले होते, थोरल्या रब्बींकडे. ते या कामातले मोठे मानले जातात, आणि कारकुनाच्या त्या फोननंतर मी पुन्हा त्यांच्यासमोर जाऊन बसले. माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं. खुर्ची स्वतः ओढून दिली, पाणी मागवलं. म्हणाले, "जुन्या पंडितांनी बहिऱ्या-मुक्याला अजाण म्हटलं, कारण त्यांच्या काळी त्याला शिकवायची सोयच नव्हती. आज शाळा आहेत. तेव्हा मी म्हणतो, नियम बहिरेपणाचा नव्हताच, अजाणपणाचा होता. तुमचे दीर जाणते आहेत. हे मी माझ्या सहीने लिहून देईन." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी पुस्तकातून मान वर करून माणसाकडे बघितलं होतं. "पण," ते म्हणाले. मला वाटतं शास्त्रात सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द तोच असावा. "पण विधीत त्याने उभं राहून म्हणायचं असतं, की हिला करून घ्यायची माझी इच्छा नाही. ते त्याला म्हणता आलं पाहिजे."

"म्हणेल की. हाताने म्हणेल."

"हाताने ते म्हणणं होत नाही, बाई."

वातावरण हलकं करावं म्हणून असेल, त्यांनी माझ्या कामाची चौकशी केली. कवळ्या करते, म्हटलं. त्यावर ते खुलले. "अरे वा! मग तुम्हाला एक गंमत सांगतो. जुन्या काळी एका गावात प्रश्न निघाला, की विधवेला हातच नसतील तर तिने जोडा कसा काढायचा? मोठमोठे पंडित अडले. शेवटी उत्तर मिळालं, दातांनी काढावा! कारण आज्ञेत जोडा काढ एवढंच आहे, हाताने काढ असं कुठे म्हटलंय?" आणि ते हसले, आपल्या घराण्यातल्या एखाद्या हुशार पणजोबाची गोष्ट सांगून हसावं तसे. मी त्यांचं हसणं पूर्ण होऊ दिलं.

"मग तोंडाने म्हण, असं कुठे म्हटलंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पाण्याच्या पेल्यावर बोट फिरवत राहिले. त्या बोटाकडे बघताना मला माझा नवरा दिसत होता, रुग्णालयातल्या त्या शेवटच्या खोलीत. त्याच्या घशात नळी घातलेली होती. त्या खोलीत सगळेच तसे, नळ्या घातलेले, आणि भेटायला येणारे बिचारे मोठमोठ्याने बोलून परत जायचे. बोलत होते फक्त हे दोघे भाऊ. लहानपणापासून दोघांनी मिळून केलेली ती हातांची भाषा. नवरा थरथरत्या बोटांनी काहीतरी म्हणायचा, दीर पोट धरून हसायचा, आवाज न करता, आणि परिचारिका वळून बघायच्या. मला ती भाषा येते, पण भावाभावांतली सगळी नाही येत. आणि नवऱ्याची बोटं शेवटी इतकी अडखळू लागली की ती फक्त दिरालाच कळायची. तो मला सांगायचा. शेवटच्या दुपारी नवऱ्याने बराच वेळ काहीतरी म्हटलं. काय म्हणतो, मी विचारलं. दीर म्हणाला, "म्हणतोय की स्वयंपाकघराच्या दाराला तेल दे. कुरकुरतं. वहिनीला झोप लागत नाही." बहिऱ्या भावाला सांगून गेला, की दार कुरकुरतं. आणि दुसऱ्या कुणाला सांगणार होता? सगळं आटोपल्यावर दिराने येऊन बिजागरीला तेल दिलं, आणि दाराला कान लावायचा म्हणून लावला, आणि आम्ही दोघं त्या दाराशी बसून रडलो.

हे मी रब्बींना सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला होता. "माझ्या नवऱ्याचे शेवटचे शब्द आहेत ते. हाताने म्हटलेले, हाताने मला पोचवलेले. मला एवढंच सांगा, तो ते म्हणाला की नाही म्हणाला?"

"तुमच्यासाठी म्हणाला," ते हळू म्हणाले.

"आणि तुमच्यासाठी?"

"मी एकटा असतो तर गोष्ट निराळी. माझ्या मागे किती पिढ्या उभ्या आहेत. मी एक पाऊल टाकलंय, तेही पुष्कळांना रुचणार नाही. दुसरं टाकलं तर उद्या कुणी दुसरा रब्बी म्हणेल की हा विधीच झाला नाही, आणि तुमचं नवं लग्न मोडीत काढेल. तुम्हाला ते चालेल का?" नाही चालणार. हे त्यांनाही माहीत, मलाही. त्यांचं बरोबर होतं, आणि त्यांचं बरोबर असणं हेच मला सगळ्यात संतापजनक वाटलं. हात नसलेल्या बाईसाठी यांच्या पूर्वजांना दात सुचले. मुक्या माणसासाठी हात सुचायला यांना कुणाची परवानगी हवी होती?

घरी परतताना दिराच्या शाळेचा विचार डोक्यातून जाईना. नवऱ्याने सांगितलं होतं मला, लग्नानंतर लगेचच, आवाज उगीचच खाली आणून, जसा काही भाऊ ऐकेल. बहिऱ्यांच्या त्या शाळेत हातवारे करायला मनाई होती. मुलांनी तोंडानेच बोलायचं. दिराचे हात मास्तर खुर्चीच्या पाठीला बांधायचे आणि पोलादाची चपटी पट्टी जिभेवर दाबून आवाज काढून घ्यायचे. पाणी. आई. दार. सुट्टीत घरी आला तेव्हा पाहुणे जमलेले होते, आणि कौतुकाने सासऱ्यांनी त्याला पुढे केलं, बोलून दाखव. त्याने बोलून दाखवलं. कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, प्रेमाने म्हणे. "हसतील त्यांचे दात दिसतील," असं नवऱ्याने त्याला नंतर समजावलं. त्यावर तो म्हणाला होता, "तेच तर. मला फक्त दातच दिसतात." त्यानंतर त्याने तोंड बंद केलं ते केलंच. ही जखम उघडायला सांगणार कोण, तर मी. रब्बींचा निरोप मी द्यायचा. कायदा त्यांचा, पाप माझ्या माथी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मी त्याच्या कारखान्यात गेले तेव्हा तो एका दाराच्या चौकटीला रंधा मारत होता. मला बघून थांबला. माझ्या चेहऱ्यावरून त्याने निम्मं ओळखलं असणार. चेहरे वाचण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. मी सांगितलं. मधे मधे रब्बींना शिव्या घातल्या, त्या त्याने आवडीने बघितल्या. मग अंगावरचा भुसा झटकत विचारलं, "किती शब्द?"

"तीन."

"आपल्या भाषेत?"

"नाही. धर्माच्या जुन्या भाषेत."

"म्हणजे ऐकणाऱ्यांनाही रोजच्या बोलण्यात लागत नाही ती?" तो हसला. रंध्याचं पातं अंगठ्याने उगीचच तपासलं. "चष्मेवाला चांगला आहे ना?"

"चांगला आहे. जरा कंटाळवाणा आहे."

"दादाही होता," तो म्हणाला. "शिकव मला."

नको म्हण, असं मला ओरडावंसं वाटलं. तू नाही म्हणालास तर मी त्यांना सांगेन की गेलात उडत. पण मी ओरडले नाही. मला मोकळं व्हायचं होतं. ही गोष्ट त्या क्षणी माझ्या पोटात भुकेसारखी स्पष्ट होती. सुट्टीच्या दुपारी लॅब बंद असते. मालकांकडून किल्ली घेऊन मी त्याला तिथे बोलावलं. फळीवर सगळ्या गिऱ्हाइकांचे पांढरे साचे, जबडे उघडून बसलेले. त्यांतला एक मी उचलला आणि मेणाची जीभ करून आत ठेवली. लो हाफात्स्ती लेकाख्ता. पहिल्या दोन शब्दांचा अर्थ, माझी इच्छा नाही; तिसऱ्याचा, हिला करून घ्यायची. त्याने हाताने एकेका शब्दाचा अर्थ बसवून घेतला आणि मगच पुढे गेला. अर्थ न कळता तोंड उघडणार नाही, म्हणाला, तेवढं शाळेत पुष्कळ झालं. मग मी दाखवलं. जीभ उचलायची आणि वरच्या दातांच्या मागे टाळ्याला लावायची. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी आमची आई मला रोज बोलायची. आता तेच मी धडा म्हणून शिकवत होते. मधला तो त्स दातांमधून येतो, तेव्हा ओला हात तोंडासमोर धरला की गार वारा लागतो. ख घशातून येतो, खाकरल्यासारखा, तो बोटांना गळ्यावर कळतो. मी त्याचा हात माझ्या गळ्यावर ठेवला. तीनही शब्द म्हटले. त्याने मान हलवली, माझा हात आपल्या गळ्यावर घेतला, डोळे मिटले आणि आवाज काढला.

मी इतक्या वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता. फार मोठा होता तो, आणि कडा नसलेला. कुठून सुरू झाला आणि कुठे संपला ते कळेना. नवऱ्याचाच आवाज होता खरं तर, त्याच घशातला, त्याच घरातला, पण कुणी न घासलेला, रंधा न मारलेला. त्याने डोळे उघडले आणि पहिलं काय केलं, तर माझ्या तोंडाकडे बघितलं, दात दिसतात का म्हणून. दिसत नव्हते. मी ओठ घट्ट मिटून घेतले होते आणि मला त्या शाळेच्या मास्तरांना, त्या पाहुण्यांना, फोनवरच्या कारकुनाला, सगळ्यांना एका रांगेत उभं करून त्यांचे साचे काढावेत आणि ते जमिनीवर आपटून फोडावेत असं वाटत होतं. "पुन्हा?" त्याने विचारलं. पुन्हा, मी म्हटलं. त्या मास्तरांसारखं मीही 'पुन्हा' म्हटलं. सगळी दुपार मी तेच म्हणत होते.

विधीच्या सकाळी मी उपाशी होते. तशीच रीत आहे, थुंकी अन्नाची नको, माझी हवी. लांब टेबल, त्यामागे थोरले रब्बी, त्यांच्या उजवीकडे एक दाढीवाले, डावीकडे एक तरुण, आणि भिंतीपाशी दोन साक्षीदार. दिराचा उजवा पाय धुतलेला आहे का ते बघितलं. मग न्यायालयाचा तो जोडा आणला, अख्खा चामड्याचा, चामड्याच्याच दोरीने शिवलेला, पोटरीला बांधायचे लांब बंद असलेला. तो दिराला रीतसर भेट दिला, म्हणजे जोडा त्याचा झाला. चार पावलं चालायला लावलं. दाढीवाले त्याच्याशी ओरडून बोलत होते. बहिऱ्याशी ओरडून बोलणाऱ्यांची एक वेगळी जात असते, तिला शिक्षणाने फरक पडत नाही. "त्यांना कळतंय ना सगळं?" ते मधूनच मला विचारायचे, त्याच्या डोक्यावरून, जसा काही तो टेबलाचा पाय. कळतंय, मी म्हणायचे. तो सगळ्यांचे ओठ वाचत उभा होता.

मग त्याची पाळी आली. त्याने हात दोन्ही बाजूंना सोडले, शाळेतल्यासारखे, आणि म्हणाला. आवाज भिंतींवर आदळला. एका साक्षीदाराने खोकल्यात तोंड लपवलं. ते मी बघितलं म्हणजे त्यानेही बघितलंच. तिघांनी डोकी एकत्र केली. थोरले म्हणाले, "मधला शब्द नीट आला नाही. पुन्हा म्हणायला सांगा." तो पुन्हा म्हणाला. दाढीवाल्यांचं समाधान होईना. "पुन्हा." त्याच्या कपाळावर घाम आला होता. तिसऱ्या वेळी त्याने तळहात तोंडासमोर धरला, लॅबमध्ये शिकवला होता तसा, वारा तपासायला, आणि दाढीवाले म्हणाले, "हात खाली, हात खाली!" त्याने हात खाली केला आणि म्हटलं. चालेल, असं तिघांचं ठरलं.

मी खाली बसून बंद सोडले. त्याने टाच जमिनीवर दाबून धरली. मी उजव्या हाताने जोडा ओढून काढला आणि बाजूला फेकला. आता थुंकायचं. तोंडाला कोरड पडलेली. थुंकी कुठून येते हे माझ्याइतकं त्या खोलीत कुणाला माहीत नसेल, तरी येईना. जीभ चावली, गाल चावला, आणि मग मी दाढीवाल्यांचं ते "हात खाली" आठवलं आणि आली. आमच्या दोघांच्या मधल्या फरशीवर पडली. तीन विद्वान टेबलावरून पुढे वाकले आणि ती नीट दिसते ना हे त्यांनी पाहिलं. मग मला जे म्हणायचं होतं ते मी म्हटलं, की भावाचं घर न उभारणाऱ्याची हीच गत. ज्या माणसाने माझ्या नवऱ्याच्या घराचं एकूण एक दार स्वतःच्या हाताने केलं, ज्याने मला आज माझं पुढचं घर दिलं, त्याला हे. माझा उच्चार मात्र पहिल्याच फटक्यात पसंत पडला. सगळ्यांनी मिळून तीनदा म्हटलं, जोडा काढलेला, जोडा काढलेला, जोडा काढलेला. आणि शेवटी त्यांनी हात जोडून देवाला विनवलं, की आपल्या लेकींवर ही वेळ पुन्हा न येवो. मला हसू आणि रडू एकदमच आलं. ज्यांच्या हातात आहे तेच विनवण्या करायला लागले तर देवाने तरी काय करावं?

थोरले रब्बी दाखल्यावर सही करायला बसले. लेखणी उचलली, आणि माझ्याकडे बघून खरोखरीच्या मायेने म्हणाले, "दिरांना सांगा, फार छान म्हणाले."

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "सकाळपासून ते जाणते आहेत."

म्हातारा उठला. टेबलाला वळसा घालून दिरासमोर जाऊन उभा राहिला, तोंड उजेडाकडे करून, आणि सावकाश, न ओरडता म्हणाला, "तुम्ही फार छान बोललात. देव तुमचं भलं करो." आणि हात पुढे केला. माझ्या दिराने त्यांच्या ओठांकडे बघितलं. पुढे आलेल्या हाताकडे बघितलं. एक पाय जोड्यात, एक अनवाणी.

"लो हाफात्स्ती," तो म्हणाला.

तिसरा शब्द म्हटला नाही. दोनच म्हटले, आणि सकाळपासूनच्या तिन्ही वेळांपेक्षा स्पष्ट. माझी इच्छा नाही. मला नको. दाढीवाले उठून उभे राहिले, "हा न्यायासनाचा अपमान आहे!" आणि मी टेबलावरच्या दाखल्याकडे बघितलं, त्यावर अजून सही नव्हती. थोरल्या रब्बींचा हात बराच वेळ तसाच पुढे राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला, जागेवर जाऊन बसले आणि म्हणाले, "नाही. शब्दांचा अर्थ कळून बोलतायत ते. विधीबद्दल जी थोडी शंका होती तीही गेली." आणि सही केली. त्याचा नकारसुद्धा यांनी पुराव्यात जमा करून घेतला. इतके हुशार लोक. इतके, इतके हुशार लोक. आणि एवढी हुशारी असून सकाळी त्याला एकदा हाताने म्हणू देता आलं नाही.

दाखला घडी करून मी पर्समध्ये टाकला आणि आम्ही जिना उतरून रस्त्यावर आलो. मी मोकळी झाले होते. समोरच्या कोपऱ्यावर चष्मेवाला थांबलेला होता, अर्थातच. मी त्याला हातानेच खुणावलं, झालं म्हणून, आणि नंतर ये म्हणून. तो टोपी काढून बघत राहिला. मी दिराकडे वळून म्हटलं, काय उत्तर दिलंस रे, म्हाताऱ्याचं तोंड बघितलंस का. मी हसले. ओठांनी म्हटलं, हातांनी म्हटलं, पुढे जाऊन त्याच्यासमोर उलटी चालत म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं, वाईट नाही बघितलं, आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागला. त्याचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. बेकरीवरून गेलो, दोन चौक ओलांडले, एका घराला नवं दार बसवत होते आणि ते वाकडं बसत होतं, ज्यावर एरवी त्याने अर्धा तास व्याख्यान दिलं असतं. हात बाहेर आले नाहीत. मला परत जिना चढून जावंसं वाटलं, त्या तिघांच्या टेबलावर मूठ आपटून सांगावंसं वाटलं, की या, बघा, आता झाला हा मुका. पण त्याला एकटं सोडवेना, म्हणून मी त्याच्या बाजूने चालत राहिले.